गोणपाटातला बंब बाहेर काढा

पत्र: आम्ही जूनमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. त्याआधी २३ वर्षं भद्रकालीजवळच्या एका वाड्यात दोन खोल्यांत होतो. नव्या घराचं काम इंटिरियर डिझायनरकडून करून घेतलं. राखाडी भिंती, पांढरं फर्निचर, फॉल्स सीलिंगमध्ये चौदा दिवे. फोटो छान येतात, पण थंडी सुरू झाल्यापासून घर परकं वाटायला लागलंय. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. त्या संध्याकाळी हॉलमध्ये येतच नाहीत. म्हणतात, "दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं." हॉलची बाल्कनी दक्षिणेला आहे, पण टीव्हीवर ऊन येतं म्हणून पडदे दिवसभर ओढलेले असतात. नववीतली मुलगी फोनवर परदेशातल्या घरांचे हिवाळ्यातले फोटो दाखवते. त्यात शेकोटी, पाइनची फळं, नारिंगी भोपळे, लोकरी चादरी असं सगळं असतं. तिला तसंच करायचंय. सासूबाईंना त्यांचा तांब्याचा बंब आणि सागवानी पेटी हॉलमध्ये हवी आहे. दोन्ही वस्तू गोणपाटात बांधून बाल्कनीत पडल्या आहेत, कारण मिस्टर म्हणतात, नव्या घरात भंगार नको. माझ्याकडे भिशीचे २५,००० रुपये आहेत. काय घेऊ? – एक वाचक, नाशिक

ताई, तुमचं पत्र वाचताना मी सासूबाईंच्या वाक्यापाशी थांबले. त्यांनी शब्द अगदी नेमका काढलाय. दवाखान्यात उजेड वरून येतो, खोलीभर सारखा पडतो आणि निळसर पांढरा असतो, कारण तिथे जखम, पट्टी, औषधावरची बारीक अक्षरं दिसावी लागतात. तुमच्या हॉलमधले चौदा दिवे रोज संध्याकाळी हेच काम करताहेत. म्हणून काय विकत घ्यायचं ते नंतर बघू, आधी दिव्यांचं बोलू.

दिव्याच्या खोक्यावर वॉटशिवाय आणखी एक आकडा छापलेला असतो, केल्विनचा. ६५०० असेल तर उजेड निळसर पांढरा पडतो. २७०० असेल तर आपल्या लहानपणीच्या पिवळ्या बल्बसारखा. समईची ज्योत त्याहूनही खाली, १९०० च्या आसपास. म्हणजे आकडा उतरेल तसा उजेड पिवळा होत जातो. दुकानात नुसतं "एलईडी द्या" म्हटलं की बहुतेक वेळा ६५०० चाच हातात येतो, म्हणून २७०० मागून घ्या आणि खोकं वाचूनच पैसे द्या.

छतातले चौदा दिवे काढू नका. झाडलोट, अभ्यास, तांदूळ निवडणं, सुईत दोरा ओवणं यांना ते लागतीलच. फक्त दिवेलागणीनंतर ते बंद ठेवायचे आणि तीन-चार दिवे खाली लावायचे. एक सोफ्याशेजारच्या स्टुलावर, एक कोपऱ्यात अगदी जमिनीलगत, एक सासूबाईंच्या खुर्चीच्या मागे. ७ ते ९ वॉटचे बल्ब पुरतात, पण सासूबाईंच्या मागचा थोडा जास्त उजेडाचा घ्या. वय वाढलं की वाचायला उजेड जास्त लागतो, आणि मंद पिवळ्या दिव्यात त्यांना पोथी दिसली नाही तर त्या पुन्हा खोलीत जाऊन बसतील. दिवा खांद्यामागून पुस्तकावर पडेल असा ठेवा, डोळ्यांत जाणार नाही असा.

वाड्यातल्या खोल्या आठवून बघा. बल्ब वायरीने खाली लोंबायचा, देवळीतली पणती हाताच्या उंचीवर असायची, चूल तर जमिनीवरच. उजेड माणसांच्या जवळ असायचा आणि वरचं आढं अंधारात असायचं. घर उबदार वाटायला थोडा अंधारही लागतो. हे मला फार उशिरा कळलं. माझ्या स्वतःच्या घरी मी वर्षानुवर्षं दिवेच वाढवत राहिले होते.

आता उन्हाकडे येते. तुमची बाल्कनी दक्षिणेला आहे हे वाचून मला आनंद झाला आणि पडदे ओढलेले असतात हे वाचून हळहळ वाटली. डिसेंबरात आपल्या नाशकात सूर्य डोक्यावर येतच नाही. २१-२२ डिसेंबरला भर दुपारी, म्हणजे साडेबाराच्या सुमाराला, तो दक्षिणेकडे ४६-४७ अंशांवरच असतो. म्हणून ऊन तिरकं होऊन बाल्कनीच्या दारातून आत शिरतं. वरच्या मजल्याचा स्लॅब पाच फूट पुढे आलेला असला तरी तीन-चार फूट ऊन तुमच्या फरशीवर पडेल. मे महिन्यात हाच सूर्य थेट माथ्यावर असतो, तेव्हा त्या दारातून दुपारचा कवडसाही आत येणार नाही. थंडीत हवं तेव्हा ऊन आत आणि उन्हाळ्यात बाहेर, असं दार तुम्हाला न मागता मिळालंय आणि तुम्ही ते टीव्हीसाठी बंद ठेवलंय.

टीव्ही बाजूच्या भिंतीवर नेता आला तर न्या. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. नाहीच जमलं तर टीव्हीवर ऊन पाडणारा पडद्याचा एक पल्ला ओढलेला ठेवा आणि दुसरा सकाळी दहा ते चार पूर्ण उघडा. त्या उन्हाच्या पट्ट्यात सासूबाईंची खुर्ची ठेवा. मोकळं स्टूल नको. पाठ टेकता येईल आणि हातांवर भार देऊन उठता येईल अशी हातांची खुर्ची हवी. दिवेलागणीला पडदे ओढून घ्यायचे. पडदे अस्तराचे आणि जमिनीला टेकणारे असावेत. खिडकीची काच एकपदरी असते, रात्री ती गार पडते आणि तिच्याजवळची थंड हवा खाली उतरत पायांशी येते. पडदा फूटभर वर असला की ती हवा त्याच्या खालून सरळ खोलीत येते. सरकत्या खिडकीच्या फटीत केसाळ पट्टी चिकटवून घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. निफाडचा पारा दहाच्या खाली गेल्याची बातमी आली की ह्या पट्टीचं मोल कळेल.

फरशीबद्दल थोडक्यात. व्हिट्रिफाइड टाइल आणि लाकडी पाट एकाच खोलीत, एकाच तापमानाला असले तरी टाइल पायाला गार लागते, कारण ती पायातली ऊब भराभर ओढून घेते. जाड सुती सतरंजी घ्या, निदान ५ फूट बाय ७ फुटांची, म्हणजे सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर येतील. लहान सतरंजी मोठ्या हॉलमध्ये पोरकी दिसते. खाली रबरी जाळी मात्र घालाच आणि कडा कुठे उचललेली नाही ना ते रोज बघा. ७६ व्या वर्षी सतरंजीत पाय अडकून पडणं महागात पडतं.

आता बंबाचं सांगते. सगळ्यात जास्त मला ह्यावरच बोलायचं होतं.

आमचा वाडा पाडायला काढला तेव्हा आमचाही बंब मोडीत गेला. मोडवाल्याने तो काट्यावर ठेवला, वजन केलं, तोटी आणि राखेची जाळी वेगळी काढली, कारण ती तांब्याची नव्हती. आई तेवढा वेळ आत जाऊन बसली होती. ती काहीच बोलली नाही, आणि ती बोलली नाही म्हणून आम्हाला वाटलं, तिला काही वाटत नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, आंघोळीच्या पाण्याचा गीझर लावताना ती म्हणाली, "बंबाच्या पाण्याला धुराचा वास यायचा, तो मला आवडायचा." तेव्हा उशीर झाला होता. तुमचा बंब अजून बाल्कनीत आहे, ताई. म्हणून एवढ्या आग्रहाने लिहितेय.

शिवाय नुसत्या सजावटीच्या दृष्टीने बघितलं तरी राखाडी-पांढऱ्या हॉलमध्ये तांब्याइतकं चपखल दुसरं काही बसणार नाही. तांबं उजेडातला निळा-हिरवा भाग गिळून टाकतं आणि तांबडा-नारिंगी परत पाठवतं. २७०० च्या दिव्याशेजारी बंब ठेवला की भिंतीवर निखाऱ्यासारखी झाक पडते. तोच बंब ६५०० च्या उजेडात मळकट दिसतो. मिस्टरांना तो भंगार वाटतो याचं एक कारण हेच असावं, की त्यांनी तो नव्या घरात गोणपाटात किंवा पांढऱ्या उजेडातच पाहिलाय. दिवे बदलण्याआधी बंबाची बाजू त्यांच्याशी मांडू नका. आधी दिवे, मग बंब.

तो घासायचा कसा, तेही सांगते. चिंच पाण्यात भिजवून कोळ काढा, त्यात मीठ घाला आणि सुती फडक्याने घासा. लिंबाच्या सालीला मीठ लावूनही होतं. तारेची घासणी अजिबात नको, तिचे ओरखडे कायमचे राहतात. हिरवा कळंक धरला असेल तर तो सुका खरवडू नका. त्याची भुकटी नाकातोंडात जायला नको. ओल्या फडक्यानेच काढा आणि हात धुवा. मग स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडा पुसा, ओला राहिला तर दुसऱ्या दिवशी डाग पडतात. वरून मेणाचा अगदी पातळ हात फिरवला की चकाकी बरेच दिवस टिकते. लॅकर मारून घ्या असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. ते वर्षा-दोन वर्षांत ठिकठिकाणी सुटतं आणि खालचं तांबं चट्ट्याचट्ट्याने काळं पडतं. तोटी गळकी असेल, बुडाला पोचे असतील तर तांबट आळीतल्या कारागिराला दाखवा. सगळे पोचे मात्र काढायला सांगू नका. चुलीशेजारी कोणी आदळला, पाहुण्यांच्या गर्दीत कुणाचा धक्का लागला, असं प्रत्येक पोच्यामागचं काहीतरी सासूबाईंना आठवत असेल. मुलीला त्यांच्याशेजारी बसवून विचारायला सांगा.

बंबाला भोक पाडून दिवा बसवणं, वर काच ठेवून टेबल करणं, असं काही करू नका. त्याला बंबच राहू द्या. कोपऱ्यात, जमिनीलगतच्या दिव्याशेजारी, एका पाटावर ठेवा. हॉलमध्ये एवढी एकच मोठी जुनी वस्तू आणि तिच्याजवळ पेटी, बाकी भिंत मोकळी. पितळी डबे, घंगाळ, कळशा सगळंच एकदम मांडलं तर दुकान दिसेल, आणि मिस्टरांची धास्ती खरी ठरेल. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. दोन खोल्यांत २३ वर्षं काढलेल्या माणसाला मोकळ्या जागेची भूक असते. ती त्यांना मिळू द्या.

सागवानी पेटी आणण्याआधी बाल्कनीत उलटी करून बघा. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर घुण आहे, आधी औषध भरून घ्या. मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवी, मग ती घरात आणूच नका, आधी कीटकनाशकवाल्याला बोलवा. ठीक असेल तर ओल्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवून, जवसाच्या तेलाचा हात द्या. एक सूचना मनापासून करते. तेलाचं ते फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते पाण्यात भिजवून टाका. जुनं लाकूड नीट राखलं तर कसं दिसतं ते बघायचं असेल तर सराफ बाजारातल्या सरकारवाड्यापाशी मुलीला एकदा घेऊन जा. पेशवेकाळातलं ते नक्षीकाम बघून आल्यावर तिला घरची पेटी वेगळी दिसेल.

मुलीच्या फोटोंना नाही म्हणू नका. तिला जे आवडलंय ते बरोबरच आहे: ऋतू घरात यावा. फक्त बर्फातल्या देशांचा ऋतू प्लॅस्टिकमध्ये विकत आणण्याऐवजी तिला आपला दाखवू या. पेटीचा वरचा भाग तिच्या ताब्यात द्या. डिसेंबर-जानेवारीत तिथे काय मांडायचं ते तिने ठरवायचं.

तिच्या नारिंगी भोपळ्याला आपलं डांगर आहेच. अख्खं, देठासकट, साल न खरचटलेलं डांगर कोरड्या जागी महिनोन् महिने टिकतं. पेटीवर एक मोठं आणि एक लहान ठेवा, पुढे एकेक करून त्याचे घारगे करा. पाइनच्या फळांऐवजी द्राक्षाच्या काड्या. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडे तुमच्या ओळखीचं कुणी असेलच. ऑक्टोबर छाटणीनंतर बांधावर काड्यांचे ढीग पडलेले असतात. मूठभर मागून आणा, पण त्यांच्यावर फवारण्या झालेल्या असतात, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुवा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. वाळलेल्या काड्या रात्रभर पाण्यात भिजवल्या की वाकतात. चार-पाच एकत्र वळून गोल करायचा, सुतळीने बांधायचा, त्यात पिवळसर दिव्यांची माळ गुंडाळायची. नाताळात तिच्या मैत्रिणी घरी आल्या की हा गोल दारावर असेल आणि त्यात आपल्या जिल्ह्याचा वेल असेल. पितळी तांब्यात बाजरीची कणसं उभी करा, पाणी न घालता. शेवंती आणि झेंडू रोजचे आणता येतात. बुधवारी गोदाघाटावरच्या आठवडे बाजारात टोपल्या, मडकी, सुपं मिळतील, तिथे मुलीला पाचशे रुपये देऊन मोकळं सोडा.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी तुमच्याकडे घट मांडत असाल तर तो ह्याच पेटीवर मांडा. मग भोगीला आणि संक्रांतीला सुगडं, गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचे डहाळे, बोरं, उसाची कांडी. सासूबाईंकडे काळी चंद्रकळा असेल तर ती पाच-सहा दिवस पेटीमागच्या भिंतीवर सोडा. काळ्या कापडापुढे सुगडाची तांबडी माती आणि हलव्याचे पांढरे दाणे फार सुंदर दिसतात. संक्रांत झाली की सगळं उचलायचं आणि पेटी महिनाभर रिकामी ठेवायची. वर्षभर तेच मांडून ठेवलं तर कुणाचं लक्षही जात नाही.

शेकोटीचं मात्र स्पष्ट सांगते. फोटोत कितीही गोड दिसली तरी खोलीत निखारे आणायचे नाहीत. घमेल्यात नाही, शेगडीत नाही, बंबात तर नाहीच. दारं-खिडक्या बंद करून कोळसा पेटला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला झोप येतेय असं वाटतं आणि तो उठत नाही. वाड्यात फटी होत्या, कौलांतून हवा खेळायची. तुमच्या फ्लॅटला आपण नुकत्याच केसाळ पट्ट्या लावल्या आहेत. शेकोटी हवी असेल तर सोसायटीच्या गच्चीवर परवानगी काढून एक संध्याकाळ करा, हुरडा नाहीतर शेंगा भाजा.

लोकरी चादरींऐवजी गोधडी. तुमच्या आणि सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या बाहेर काढा आणि धावदोऱ्याने शिवून देणाऱ्या बाईंकडून एक मोठी शिवून घ्या. नाशकात घरोघरी शिवून देणाऱ्या अजून आहेत, कामवाल्या मावशींना विचारलंत तरी पत्ता लागेल. मजुरीत घासाघीस करू नका, पाठ वाकवून दिवसचे दिवस घातलेले टाके असतात ते. ती सोफ्याच्या पाठीवर टाकली की पांढरा सोफा एकदम आपलासा होतो, डागही झाकतात. आठवड्यातून एकदा बाल्कनीत उन्हात. एक घोंगडी सासूबाईंच्या पायांवर. उशांच्या अभ्र्यांसाठी मात्र जुन्या पैठणीला कात्री लावू नका. पाठीच्या घासण्याने रेशीम विरतं, जर निघतो, आणि सहा महिन्यांत ना अभ्रा राहतो ना पैठणी.

भिंतींचा राखाडी रंग घाईने बदलू नका. दिवे बदलल्यावर तो निम्मा सौम्य वाटेल. तरीही खटकला तर बंबामागची एकच भिंत विटकरी किंवा गेरूच्या रंगाची करा. आधी दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा रंगवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात बघा, मगच डबा घ्या. १० बाय ९ फुटांच्या भिंतीला दोन हात द्यायला दीड-दोन लिटर पुरतो.

पैसे ह्या क्रमाने घाला: दिवे, अस्तराचे पडदे, सतरंजी, गोधडीची मजुरी. एवढं झाल्यावर हातात जे राहील ते पुढच्या दिवाळीपर्यंत तसंच ठेवा. घरात आणखी चार-सहा महिने राहिल्यावर त्याला काय हवंय ते तुम्हालाच दिसेल, मला इथून नाही.

येत्या शनिवारी दिवे लावा. रविवारी सकाळी उन्हात बंब सोडा. गोणपाट सोडायचा मान सासूबाईंना द्या. उचलायला दोघं लागतील, एका बाजूला मिस्टरांना घ्या. कड्यांना धरा, तोटीला धरून उचलू नका, जुना सांधा सुटतो.